क्वांटमच्या वाटेत गोंगाट: पाषाणच्या प्रयोगशाळेत मुद्दाम गोंधळ घातला, तेव्हा काय दिसलं?

२०२५ या वर्षात तुमच्या फीडमध्ये ‘क्वांटम’ हा शब्द किती वेळा आला असेल? एप्रिलमध्ये बंगळुरूच्या क्यूपीआयएआय कंपनीने २५ क्यूबिटचा ‘इंडस’ कॉम्प्युटर जाहीर केला. मे महिन्यात आंध्र प्रदेशातल्या अमरावतीत आयबीएमचं १५६ क्यूबिटचं यंत्र येणार, अशी घोषणा झाली. ऑक्टोबरमध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं, तेही क्वांटमसाठीच. संयुक्त राष्ट्रांनी तर अख्खं वर्षच क्वांटम विज्ञानाच्या नावावर केलं होतं.

या बातम्यांच्या मथळ्यात एकच आकडा ठळक असतो, क्यूबिट किती? २५, १०५, १५६. मोबाइल घेताना आपण कॅमेरा किती मेगापिक्सलचा आहे हे विचारायचो, तसंच हे. मग फोटो धूसर आला की कळायचं, मेगापिक्सल हा सगळा खेळ नाही.

क्वांटम यंत्रांच्या बाबतीत फोटो धूसर करणाऱ्या गोष्टीचं नाव आहे गोंगाट, म्हणजे नॉइज. जगभरातल्या क्वांटम प्रयोगशाळांचा निम्मा जीव याच्याशी भांडण्यात जातो, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. आणि या भांडणातला एक भारी प्रयोग आपल्या पुण्यात झालाय. पाषाणला होमी भाभा रस्त्यावर, आयसर पुणे या संस्थेत. तिथे शास्त्रज्ञांनी गोंगाट थांबवला नाही, उलट मोजूनमापून तो स्वतःच घातला.

का घातला, त्यातून काय कळलं आणि क्यूबिटच्या बातम्या वाचताना त्याचा उपयोग काय? सविस्तर बघू.

हा गोंगाट कानाला ऐकू येतो का?

बहुतेक वेळा नाही. क्वांटम वस्तू म्हणजे एखादा अणू, इलेक्ट्रॉन किंवा अतिशय थंड केलेलं बारीक इलेक्ट्रिक सर्किट. ही वस्तू एकाच वेळी दोन अवस्थांच्या मिश्रणात राहू शकते, आणि त्या दोन अवस्थांच्या लहरींमध्ये एक ठरावीक मेळ असतो. शास्त्रज्ञ याला कोहिरन्स म्हणतात, आपण सरळ ‘मेळ’ म्हणू. क्वांटम कॉम्प्युटरची सगळी करामत या मेळावर उभी आहे.

बाहेरच्या जगातली कुठलीही गोष्ट या वस्तूला नको तेव्हा स्पर्शून गेली की मेळ ढळतो. थोडीशी उष्णता, आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र, जमिनीची कंपनं, चिपच्या धातूत राहिलेला बारीकसा दोष, अगदी अवकाशातून आलेला वैश्विक किरणही. म्हणून तर सुपरकंडक्टिंग क्यूबिटच्या चिपा निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या जेमतेम शंभराव्या भागाइतक्या तापमानाला ठेवतात. (निरपेक्ष शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. पुण्याच्या डिसेंबरला थंडी म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आता यात एक मेख आहे. क्वांटम यंत्र डब्यात बंद करून, कुलूप लावून ठेवता येत नाही. त्याच्याकडून काम करून घ्यायचं तर त्याला बाहेरून सतत ठोके द्यावे लागतात. कधी मायक्रोवेव्हचे, कधी लेसरचे. क्वांटम कॉम्प्युटरमधली प्रत्येक गणिती पायरी म्हणजे असा एक मोजून दिलेला ठोका. आणि ठोका देण्यासाठी दार उघडलं, की त्याच दारातून गोंगाटही आत येतो. लेसर थोडा कमी-जास्त झाला, ठोका क्षणभर उशिरा पडला, एखादा पडलाच नाही. म्हणजे चालवणारा हातच थरथरतो.

बाहेरून ठोके देऊन चालवलेल्या क्वांटम वस्तूचं गोंगाटात काय होतं, हा प्रश्न म्हणूनच इतका महत्त्वाचा आहे. त्याचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांकडे एक जुनं, आवडतं खेळणं आहे.

ठोके खाणारी चक्री

नागपंचमीचा झोका आठवा. झोका परत येतो त्या नेमक्या क्षणी धक्का दिला तर तो उंच जातो. पण डोळे मिटून, झोका कुठे आहे हे न बघता, दर पाच सेकंदांनी जोरात धक्का दिला तर? कधी तो झोक्याला पुढे ढकलेल, कधी येणाऱ्या झोक्याला अडवेल. सगळंच बेभरवशाचं होईल.

भौतिकशास्त्रातलं खेळणं याहून सोपं आहे. झोक्याऐवजी गोल फिरणारी एक चक्री घ्यायची आणि तिला ठरावीक अंतराने टपली मारायची. टपली किती लागू पडेल हे त्या क्षणी चक्री कुठल्या कोनात आहे यावर ठरतं. टपल्या जोरदार असतील तर चक्रीची गती अगदी अनियमित होते, आणि तिची ऊर्जा सरासरीने वाढतच जाते. जितक्या टपल्या, तितकी ऊर्जा. आपल्या रोजच्या जगाचे नियम असंच सांगतात.

१९७९ मध्ये कसाटी, चिरिकोव्ह, इझ्रायलेव्ह आणि फोर्ड या चौघांनी कॉम्प्युटरवर हीच चक्री क्वांटम नियमांनी फिरवून बघितली. सुरुवातीला ऊर्जा वाढली. मग थांबली. टपल्या चालूच होत्या, पण चक्री आता आणखी ऊर्जा घ्यायलाच तयार नव्हती.

हे कसं काय? क्वांटम वस्तू लहरीसारखी वागते. प्रत्येक टपलीनंतर तिच्यापुढे अनेक वाटा फुटतात आणि ती त्या सगळ्या वाटांनी एकदम जाते. पाषाण तलावात दोन दगड टाका, दोन्हींच्या लाटा एकमेकींत शिरतात. जिथे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो, तिथे पाणी शांत. इथेही तेच होतं. जास्त ऊर्जेकडे नेणाऱ्या वाटांवरच्या लहरी एकमेकींना खोडून टाकतात, आणि चक्री एका मर्यादेत अडकून राहते. याला डायनॅमिकल लोकलायझेशन म्हणतात. आपण ‘अडकणं’ म्हणू. १९८२ मध्ये फिशमन, ग्रेम्पेल आणि प्रेंज यांनी दाखवलं, की अशुद्ध पदार्थात इलेक्ट्रॉन अडकून पडतो (फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये सांगितलेली गोष्ट), त्याचंच हे भावंड आहे.

१९९५ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या मार्क रायझन यांच्या गटाने हे खऱ्याखुऱ्या अणूंवर करून दाखवलं. अणूंना लेसरचे ठोके दिले, आणि अणू अडकले.

हे अडकणं सर्वस्वी लहरींच्या मेळावर अवलंबून आहे. त्यामुळे ही चक्री म्हणजे गोंगाट मोजायचं फक्कड यंत्रच झालं. मेळ शाबूत असेल तर ऊर्जा थांबलेली दिसेल. मेळ ढळला की ऊर्जा परत वाढायला लागेल. फक्त ऊर्जा मोजा, गोंगाटाने किती नुकसान केलं ते कळेल.

१९९८ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये आणि टेक्सासमध्ये, दोन्हीकडे नेमकं हेच बघितलं गेलं. गोंगाट आत सोडला, आणि अडकलेले अणू सुटले. क्वांटम चक्री पुन्हा साध्या चक्रीसारखी वागायला लागली.

मग पुण्याने नवीन काय केलं?

इथपर्यंतची समजूत अशी होती: गोंगाट असला की मेळ ठरावीक गतीने, घातांकी पद्धतीने संपतो. उदाहरणादाखल समजा, दर १०० ठोक्यांमागे मेळ निम्मा होतोय. मग १,००० ठोक्यांनंतर तो दहा वेळा निम्मा झाला, म्हणजे मूळच्या हजाराव्या भागावर आला. याच हिशेबामुळे क्वांटम यंत्रांना आयुष्य कमी. पाठ्यपुस्तकातही हेच सापडतं.

पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. गोंगाटाच्या घटना कायम सारख्याच सरासरीने येत राहतात, हे ते गृहीत.

बसस्टॉपवर जाऊ. एका मार्गावर सरासरी १५ मिनिटांनी बस आहे, पण वेळापत्रक नाही, कधीही येते. तुम्ही दहा मिनिटं थांबलात तरी पुढची सरासरी वाट १५ मिनिटांचीच, कारण बसला तुमच्या थांबण्याची आठवण नसते. साधा गोंगाट असा असतो.

आता दुसरा मार्ग घ्या. इथे कधी तीन बस पाठोपाठ येतात, आणि मग तासभर एकही नाही. कधी दोन तास. कधी अख्खी दुपार. या स्टॉपवर तुम्ही जितका वेळ थांबला आहात, तितकी पुढेही जास्त वाट बघावी लागण्याची शक्यता. दोन बसमधल्या अंतराची सरासरी काढायला बसलात तर जितके दिवस मोजाल तितकी ती वाढत जाते, कारण रोज आधीपेक्षा मोठा एखादा खंड सापडतो. अशा वितरणांना फ्रेंच गणितज्ञ पॉल लेव्ही यांचं नाव दिलंय. (हा मार्ग ओळखीचा वाटला तर तो योगायोग समजावा.)

गोंगाट या दुसऱ्या मार्गासारखा आला तर? साधा हिशेब करू. साध्या गोंगाटात १०० ठोक्यांत १० वेळा गडबड झाली, तर १०,००० ठोक्यांत १,००० वेळा होईल. लेव्ही गोंगाटात, त्याचा एक आकडा (लेव्ही घातांक) अर्ध्यावर ठेवला, तर १०० ठोक्यांत १० वेळा गडबड झाली असताना १०,००० ठोक्यांत ढोबळमानाने १०० वेळाच होते. जसा काळ जातो तसा गोंगाट विरळ होत जातो.

२००७ मध्ये हेनिंग शोमेरस आणि एरिक लुट्झ यांनी कागदावर गणित करून सांगितलं, की असा गोंगाट ठोक्यांच्या चक्रीला लावला तर मेळ घातांकी पद्धतीने संपणार नाही, त्याहून सावकाश संपेल. अडकणं पूर्णपणे कधी सुटणारच नाही. आणि हे प्रयोगात दिसायला हवं, असंही त्यांनी म्हटलं होतं.

प्रयोग झाला तो पुण्यात. २०१७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या भौतिकशास्त्रातल्या अव्वल नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. आयसर पुण्याचे उमाकांत रापोल (यांची शीत अणूंची प्रयोगशाळा) आणि एम. एस. संथानम (हे सिद्धांताच्या बाजूचे, अनागोंदीचं गणित हा त्यांचा विषय) यांच्या गटांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून केलेलं काम.

प्रयोग साधारण असा. रुबिडियमचे अणू लेसर आणि चुंबकीय क्षेत्राच्या साह्याने इतके थंड करायचे, की ते सगळे मिळून एका लहरीसारखे वागायला लागतात. याला बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट म्हणतात. यातले बोस म्हणजे आपले सत्येंद्रनाथ बोस. मग दोन बाजूंनी समोरासमोर लेसर सोडायचा. दोन्हींच्या मिसळण्यातून अंड्यांच्या ट्रेसारखी उंच-सखल प्रकाशाची नक्षी तयार होते. ही नक्षी क्षणभर चालू, क्षणभर बंद, पुन्हा चालू. प्रत्येक वेळी चालू झाली की अणूंना एक ठोका. इथे काही गरगर फिरत नसतं, पण गणित चक्रीचंच लागू होतं.

आणि मग खरी गंमत. ठोक्यांच्या या मालिकेत शास्त्रज्ञांनी मुद्दाम गोंधळ घातला. तो कधी घालायचा, हे लेव्हीच्या नियमाने ठरवलं. ढोल-ताशा पथकात एखादा वादक अधूनमधून चुकतो, पण कधी लागोपाठ तीनदा आणि मग अर्धा तास एकदाही नाही, तसं काहीसं. शेवटी लेसर बंद करून अणूंचा ढग पसरू दिला आणि त्याचा फोटो काढला. जो अणू जितका लांब गेला, तितका त्याचा वेग जास्त. फोटोवरून ऊर्जा कळली.

ऊर्जा वाढली, पण मंद गतीने. साध्या गोंगाटात ती जशी सरळ रेषेत चढते, तशी नाही. मेळ घातांकीपेक्षा सावकाश ढळत होता. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेव्ही घातांकाचं बटण फिरवून हा ढळण्याचा वेग कमी-जास्त करता येत होता. सिद्धांताचे आकडे आणि प्रयोगाचे आकडे जुळले.

म्हणजे गोंगाटाबद्दल ‘किती’ एवढंच विचारून भागत नाही, ‘कधी कधी’ हेही विचारावं लागतं. २०१९ मध्ये याच मंडळींचा पुढचा लेख आला. त्यात तर आणखी गुंता होता. लेव्हीचं बटण एकाच दिशेने फिरवत नेलं, तरी अणूंचा पसरण्याचा वेग एकाच दिशेने बदलेल असं नाही, तो वर जाऊन खालीही येऊ शकतो.

मग क्वांटम कॉम्प्युटरचा प्रश्न सुटला का?

छे. असा मथळा कुठे दिसला तर शेअर करू नका. पुण्याच्या प्रयोगात गोंगाट शास्त्रज्ञांच्या हातात होता, त्यांनीच तो घातला होता. खऱ्या यंत्रात गोंगाट निसर्गाच्या मर्जीने येतो. आणि अडकलेले अणू म्हणजे काही गणित करणारे क्यूबिट नव्हेत.

पण प्रश्न तोच आहे, आणि तो गुगललाही पडलाय.

डिसेंबर २०२४ मध्ये गुगलने ‘विलो’ ही १०५ क्यूबिटची चिप जाहीर केली. त्याची बातमी ‘विश्वाच्या वयापेक्षा जास्त वेळ लागणारं गणित पाच मिनिटांत’ अशी फिरली. खरी बातमी वेगळीच होती. एक क्यूबिट गोंगाटात टिकत नाही म्हणून अनेक कच्चे क्यूबिट एकत्र बांधून त्यातून एक पक्का, म्हणजे लॉजिकल क्यूबिट बनवतात. एक चुकला तर बाकीचे त्याची चूक पकडतात. अडचण अशी, की क्यूबिट वाढवले की चुकणारेही वाढतात. वर्षानुवर्षं हे आतबट्ट्याचं होतं. विलोवर पहिल्यांदा ठळकपणे दिसलं, की जुडगा मोठा केला की चुका वाढायच्या ऐवजी घटतात. प्रत्येक टप्प्याला निम्म्याहून कमी. सगळ्यात मोठ्या जुडग्यात १०१ क्यूबिट होते. १०१ कच्चे, मिळून एक पक्का.

याच शोधनिबंधात एक ओळ आहे जी बातम्यांमध्ये क्वचितच आली. आणखी खोलात जाऊन तपासणी केल्यावर दिसलं, की साधारण तासातून एकदा एक अशी घटना घडते, ज्यात अनेक क्यूबिट एकदम बिघडतात. एकमेकांच्या चुका पकडणारेच सगळे एका वेळी चुकले, तर पकडणार कोण? चाळीत एका घरी चोरी झाली तर शेजारी ओरडतील, पण अख्खी चाळ लग्नाला गेली असेल तर?

२०२१ मध्ये गुगलच्याच शास्त्रज्ञांनी त्यांच्या आधीच्या चिपवर दाखवलं होतं, की वैश्विक किरणांसारख्या उच्च ऊर्जेच्या माऱ्याने असे झटके येतात, तेव्हा तर दर दहाएक सेकंदांनी. पुढे चिपची रचना सुधारून ते बरेच आटोक्यात आणले. तासाला एक म्हणजे सरासरीने पाहिलं तर गोंगाट नगण्य. पण तो कसा येतो, सुटा सुटा की झुंडीने, यावर सगळं गणित फिरतं.

पाषाणमधल्या अणूंनी आणि कॅलिफोर्नियातल्या चिपने वेगवेगळ्या भाषेत एकच गोष्ट सांगितली आहे. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतल्या क्वांटम बातम्यांमधली ही सगळ्यात कमी सांगितली गेलेली बाजू आहे.

ठोक्यानेच ठोक्याचा इलाज

आतापर्यंत बाहेरचा ठोका म्हणजे गोंगाटाला उघडलेलं दार, असं चित्र झालं. पण त्याच ठोक्याने गोंगाट परतवताही येतो. यातही आयसर पुण्याचं काम आहे.

शाळेच्या मैदानावर शंभर मुलं एका रेषेवर उभी आहेत. शिट्टी वाजली, सगळी पळाली. कोणी जोरात, कोणी हळू. थोड्या वेळात सगळा विस्कोट. आता पीटीचे सर पुन्हा शिट्टी वाजवतात: आहे तिथून मागे फिरा, आणि त्याच वेगाने परत या. जोरात पळणारा लांब गेला होता, पण परतही जोरात येतोय. सगळी मुलं एकाच क्षणी रेषेवर पोहोचतात. विस्कटलेला मेळ परत जुळला.

अणुकेंद्रांच्या बाबतीत ही युक्ती एर्विन हान यांनी १९५० मध्ये शोधली. एमआरआय मशीन ज्या तत्त्वावर चालतं, त्या एनएमआर तंत्रात. यात अडचण एवढीच, की मध्येच मुलांचा वेग बदलला तर परतीचा हिशेब चुकतो. खरा गोंगाट तसा बदलता असतो. मग उपाय काय, तर शिट्टी वारंवार वाजवायची. फिरा, परत फिरा, परत फिरा. याला डायनॅमिकल डिकपलिंग म्हणतात.

पण शिट्ट्या कधी वाजवायच्या? वाटतं, समान अंतराने वाजवाव्यात. २००७ मध्ये जर्मनीच्या गॉट्झ उरिग यांनी गणिताने दाखवलं, की एका प्रकारच्या गोंगाटासाठी असमान अंतरं जास्त चांगली. सुरुवातीला आणि शेवटी दाट, मध्ये विरळ.

आयसर पुण्यात टी. एस. महेश यांच्या एनएमआर प्रयोगशाळेने हे दोन अणुकेंद्रांच्या जोडीवर करून बघितलं. ही केंद्रं एकमेकांत क्वांटम पद्धतीने गुंतलेली होती, म्हणजे ज्याला एन्टँगलमेंट म्हणतात त्या अवस्थेत. ही अवस्था फारच नाजूक. २०११ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ए’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार, उरिग पद्धतीच्या शिट्ट्यांमुळे हे गुंतलेपण टिकण्याचा काळ काही सेकंदांवरून साधारण ३० सेकंदांपर्यंत गेला. समान अंतराच्या शिट्ट्यांपेक्षा विषम संख्येच्या उरिग शिट्ट्या सरस ठरल्या.

आणि एक बारकावा, जो मला सगळ्यात आवडला. शिट्ट्या वाढवत नेल्या म्हणून फायदा वाढतच जातो असं नाही. एका ठरावीक लांबीला तो सर्वाधिक होता. गोंगाट आवरायलाही एक प्रमाण लागतं. स्वयंपाकात मीठ टाकणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

पण आपल्याला काय त्याचं?

पहिलं म्हणजे पैसा. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. रक्कम ६,००३.६५ कोटी रुपये, मुदत २०२३-२४ ते २०३०-३१. संगणनाचं केंद्र बंगळुरूच्या आयआयएससीकडे, क्वांटम संवेदनाचं आयआयटी मुंबईकडे, दळणवळणाचं आयआयटी मद्रासकडे, पदार्थ आणि उपकरणांचं आयआयटी दिल्लीकडे. पुण्यातही त्याआधीपासून, दुसऱ्या एका राष्ट्रीय योजनेखाली, आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचं आय-हब सुरू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने मदतीसाठी निवडलेल्या पहिल्या आठ स्टार्टअपमध्ये पुण्याची ‘क्यूप्रयोग’ आहे, ती प्रकाशावर चालणारी आण्विक घड्याळं बनवायच्या मागे आहे. आण्विक घड्याळ म्हणजे तरी काय? अणूला लेसरने चालवायचं आणि गोंगाटापासून जपायचं. तोच संसार.

गोंगाट आणि विज्ञान यांचं भांडण पुणे जिल्ह्याला तसं नवीन नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. अवकाशातल्या क्षीण लहरी ऐकायच्या तर आसपास मोबाइल टॉवरपासून विजेच्या रेल्वेपर्यंत सगळ्याचा त्रास. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग तिच्याजवळून जाणार म्हटल्यावर आक्षेप आले आणि मार्ग बदलण्याचा विषय निघाला. तो गोंगाट क्वांटम नव्हे, साधा रेडिओचा. पण नाजूक यंत्र कुठे ठेवायचं आणि त्याच्याभोवती काय बांधायचं, हा प्रश्न क्वांटमची यंत्रं प्रयोगशाळेबाहेर आली की शहरांनाही पडणार आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या फोनमधली. बँकेची ॲप, ईमेल, वेबसाइट यांची आजची कुलुपं ज्या गणितांवर आहेत, त्यातलं एक म्हणजे आरएसए. पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर हे कुलूप तोडू शकतो. ‘पुरेसा मोठा’ म्हणजे किती? गुगलचे क्रेग गिडनी आणि सहकारी मार्टिन एकेरा यांचा २०१९ चा अंदाज होता, २ कोटी गोंगाटी क्यूबिट. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच तो १० लाखांच्या आत आणला, आठवड्याभराच्या कामासाठी. यंत्रं तेवढी मोठी झालेली नाहीत, पण गोंगाटाशी झुंजायच्या युक्त्या सुधारल्याने गरज मात्र सहा वर्षांत वीस पटीने घटली. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्येच क्वांटमला दाद न देणाऱ्या नव्या कुलुपांची मानकं जाहीर केली, ती यामुळेच.

तेव्हा पुढच्या वेळी ‘भारताचा अमुक क्यूबिटचा कॉम्प्युटर’ अशी पोस्ट दिसली, की कमेंटमध्ये विचारून बघा: हे क्यूबिट कच्चे की पक्के? मेळ किती वेळ टिकतो? एका ठोक्यामागे चुकीचं प्रमाण किती? चुका सुट्या येतात की झुंडीने? उत्तर देणारा चांगला असेल तर त्यालाही बरं वाटेल.

राष्ट्रीय क्वांटम मिशनच्या उद्दिष्टातही हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. आठ वर्षांत ५० ते १,००० ‘फिजिकल’ क्यूबिटचे कॉम्प्युटर. फिजिकल म्हणजे कच्चे. विलोच्या १०१ला एक या हिशेबाने १,००० कच्च्या क्यूबिटमधून पक्के निघतील जेमतेम नऊ. तंत्र बदललं, गोंगाट कमी झाला, तर हे प्रमाण सुधारेल. ते सुधारणार कुठे, तर पाषाणसारख्या प्रयोगशाळांमध्ये, जिथे कोणीतरी अणूंना ठोके देत बसलंय आणि कुठला ठोका कधी चुकतो याची नोंद ठेवतंय.